शंभूगिरच्या दगडाची खालची ओळ

अक्का, उद्या सकाळी पाथरवट यायचा आहे. तुझ्या दगडावर काय कोरायचं ते त्याला कागदावर लिहून हवंय. आठ दिवस तो कागद माझ्यासमोर पडलाय आणि त्यावर आतापर्यंत फक्त चहाच्या कपाचा गोल उमटलाय. माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात टिपण्या लिहिण्यात गेली. कालव्याच्या चारीच्या एका गळतीवर मी चार-चार पानं खरडली आहेत. आणि सख्ख्या बहिणीच्या दगडावरच्या दोन ओळी सुचत नाहीत म्हणजे कमाल झाली. तू असतीस तर चष्म्यावरून बघून म्हणाली असतीस, "दिल्या, परीक्षाले बठेल शे का तू?"

तू गेलीस त्याला आता दोन महिने होतील. शिरपूरचं तुझं घर मी आवरलं. भांडी शेजारच्या बाईंना दिली, साड्या कुणाकुणाला वाटल्या. धुळ्याला आणली ती एकच पिशवी. तीत तुझी वंशावळीची वही, खुरपी, पाण्याची बाटली, जुना दात घासायचा ब्रश आणि शाळेतून निवृत्त होताना तू सोबत उचलून आणलेला खडूंचा डबा. पिशवी खिडकीपाशी ठेवली आहे. वैशाली पुण्याला लेकीकडे आहे, नातवाच्या शाळेपायी. रोज फोन करते, जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो, संपलं. घरात दिवसभर कुणाचा आवाज नाही. मला वाटायचं की माणसाला बोलायला कुणीतरी लागतं. तसं नाही, भांडायला लागतं. आणि भांडायला वाटेल ते माणूस चालत नाही.

आपलं हे सगळं सुरू झालं ते आप्पांच्या समाधीपासून. आपण गोसावी, आपल्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून मातीत ठेवतात. वर ओटा, ओट्यावर दगड. वडलांना खाली उतरवलं, मीठ घातलं, बेलाची पानं वाहिली आणि विधी सांगणाऱ्या महाराजांनी मला विचारलं, "वडलांचं नाव?" मी म्हणालो, लक्ष्मणगिर. "आजोबा?" रतनगिर. "पणजोबा?" मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. भाऊबंदांकडे पाहिलं, तर ते आपापल्या चपलांकडे बघायला लागले. शेवटी महाराजच म्हणाले की राहू द्या, नमो नारायण म्हणा. मी म्हटलं आणि सुटलो. तू मात्र बायकांच्या घोळक्यात लांब उभी होतीस आणि तुझं तोंड मला तिथूनही दिसत होतं. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "आपण बापाला बिनपत्त्याचं पाकीट टाकल्यासारखं टाकून आलो."

मला हसू आलं होतं. तुला ते आवडलं नाही.

मग रविवार ठरले. तू शिरपूरहून बसने नरडाण्याच्या फाट्यावर उतरायचीस, मी धुळ्याहून स्कूटर घेऊन यायचो. तू नेहमी माझ्याआधी पोचलेली असायचीस आणि मी नेहमी ऐकून घ्यायचो. टपरीवर चहा, मग बुराईच्या काठाकाठाने आपलं गाव. गावाबाहेर, भिकाआबांच्या कपाशीच्या बांधाला लागून, निंबाच्या दोन झाडांखाली त्या समाध्या. आप्पांची धरून आठ. लहानपणी आपण तिथे बोरं खायला जायचो आणि कोण कुणाचा कोण हे कधी विचारलं नव्हतं.

दगड वाचायची रीत तू शोधून काढलीस. आधी ब्रशने धूळ, मग पाणी, मग दगड सुकेपर्यंत गप्पा. मग खडू आडवा धरून दगडावरून अलगद फिरवायचा. कोरलेली अक्षरं तशीच काळी राहतात आणि भोवतीचा दगड पांढरा होतो. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या बाईंना खडूचा हा उलटा उपयोग सापडला याचा कोण आनंद झाला होता तुला! जिथे खडूनेही लागायचं नाही तिथे तू डोळे मिटून बोटाने वाचायचीस. मी म्हणायचो, चष्मा बदल. तू म्हणायचीस, गप, 'र' लागतोय.

पहिल्याच पावसाळ्याच्या आत पणजोबा सापडले. आजोबांच्या दगडावर मधलं नाव केवलगिर होतं आणि पलीकडच्या दगडावर सरळ होतं, केवलगिर शंभूगिर गोसावी. म्हणजे पणजोबा केवलगिर, त्यांचे वडील शंभूगिर. शेजारीच शंभूगिरचा दगड, 'शंभूगिर हरगिर गोसावी यांची समाधी'. म्हणजे त्यांचे वडील हरगिर. मधलं नाव बापाचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तू वहीत रेघा ओढत गेलीस. वरून खाली बाप, लेक, बाप, लेक. हरगिरच्या मागे आणखी तीन दगड होते. एक लागला, दोन झिजून गेले होते, तिथे तू पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढलीस आणि म्हणालीस की ह्यांच्यासाठी वेगळा खडू आणावा लागेल.

भिकाआबा बांधावर बसून आपली गंमत बघायचे. "काय सापडनं का बाई आज?" दर रविवारी तोच प्रश्न. एकदा मी शंभूगिरच्या दगडाच्या बुडाची माती पायाने सारायला लागलो तर ते एकदम उठून उभे राहिले. "ए भाऊ! माती हालवानी नही. बाबालोके बठेल शेतस खाले." त्यांचं बरोबरच होतं. समाधीच्या बुडाची माती हलवत नाहीत, ते आपल्याला घरातूनच ठाऊक होतं. आपण दगड वरून वरून धुतले, वरून वरून वाचले. नांगराची माती वाऱ्याने, पाण्याने वर्षानुवर्षं तिथे येऊन बसत होती, हे आपल्या डोक्यातही आलं नाही.

अकरा वर्षं, अक्का. अकरा वर्षांत आपण फक्त दगडच वाचत होतो असंही नाही. साक्रीला दूरचे गोसावी राहतात म्हणून कळलं, तिथे जाऊन आलो. त्यांनी जेवू घातलं आणि आपल्याबद्दल काहीच माहीत नाही म्हणाले. चोपड्याला एका म्हाताऱ्यांनी तीन तास त्यांचीच वंशावळ ऐकवली. तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत आपण धूळ खाल्ली, तू नाकाला पदर लावून, मी शिंकत. तिथला कारकून तुझा विद्यार्थी निघाला आणि त्याने उठून तुझ्या पाया पडल्यावर मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. परतताना स्कूटरवर मागे बसून तू बोलत राहायचीस आणि हेल्मेटमुळे मला निम्मं ऐकू यायचं नाही. मी "हो, हो" करायचो. तुला ते कळायचं, तरी तू बोलायचीस. आता वाटतं की ते निम्मं काय होतं.

आपल्या गावच्या देवळाच्या इनाम जमिनीची जुनी पत्रकं त्याच कारकुनाने काढून दिली. मोडीत होती. आपण त्याच्या प्रती घेऊन अमळनेरला गेलो, मोडी वाचणाऱ्या त्या आबांकडे. त्यांच्या ओसरीवर कुत्रं झोपलं होतं, त्याला ओलांडून आत जावं लागलं. आबांनी भिंग लावलं, ओठ हलवत वाचलं, थांबले, परत वाचलं.

"तुम्ही म्हणता हे तुमचे खापरपणजोबा?" त्यांनी विचारलं.

"हो, शंभूगिर. केवलगिरचे वडील," मी म्हणालो.

"बाकी पानांवर सगळीकडे 'वल्द' आहे बघा. अमुक वल्द तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा. इथे तसं नाही. इथे लिहिलंय केवलगिर चेला शंभूगिर. आणि पुढे शेरा आहे, लहानपणी मठात वाहिलेलं मूल. आईबापांचं नाव दिलेलं नाही."

मी म्हणालो, "वाचण्यात काही चूक?"

आबांनी भिंग माझ्यापुढे केलं. मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी मी भिंगातून बराच वेळ बघत बसलो. तू विचारलंस ते एवढंच, "आणि शंभूगिर? तो हरगिरचा कोण?" आबांनी मागची पानं चाळली. तोही चेला. त्याच्या मागचाही. म्हणजे तुझ्या वहीतल्या त्या सगळ्या रेघा, बाप, लेक, बाप, लेक, केवलगिरच्या वर एकही खरी नव्हती. मधलं नाव बापाचं नव्हतंच. मठातल्या त्या माणसांनी मधे गुरूचं नाव लावलं होतं. आपण आपल्या शाळेच्या दाखल्यासारखं ते वाचलं.

येताना पारोळ्यापाशी मी स्कूटर थांबवली आणि म्हणालो, मला ह्या आबावर विश्वास नाही. तू म्हणालीस, "मग दगडालाच विचारू."

पुढच्या रविवारी तू पिशवीतून खुरपी काढलीस तेव्हा भिकाआबा तिथे होते. तू त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आबा, आज हालवू द्या. पाप लागनं ते माले लागू द्या." त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते पाठ फिरवून उभे राहिले. तू शंभूगिरच्या दगडाशी गुडघे टेकून बसलीस, तुझे ते दुखरे गुडघे, आणि हाताहाताने माती बाजूला केलीस. वीतभर खाली अक्षर लागलं. तिथे दगड झिजलेला नव्हता, मातीने राखला होता. खडूसुद्धा लागला नाही. 'चेला केवलगिर याणे बांधिली.'

ती ओळ आपल्या पायाखाली होती. अकरा वर्षं आपण तिच्यावर उभे राहून वरची ओळ धुत होतो.

आता ते लिहितो, जे लिहायचं मी टाळतोय.

मी चिडलो. माझा राग तुला माहीत आहे, आधी तोंडाला येतो आणि मग मला कळतो. मी म्हणालो की बसा आता, हे आपले कुणीच नाहीत. आपण परक्या लोकांचे दगड धुतले. पणजोबाला आईबाप नाही, जात नाही, गाव नाही, कुणीतरी नवस फेडायला पोर आणून टाकलं आणि आपण तिथून उगवलो. आपलं मूळ शोधायला निघालो आणि हातात आलं काय तर उपटलेलं रोप.

तू माती लागलेले हात तसेच मांडीवर ठेवून म्हणालीस, "त्यानी पोऱ्याले खावाले दिधं, नाव दिधं, जागा दिधी. बाप आखो काय करस?"

"रक्ताचं काय?"

"रगत कोनी देखेल शे? हाई ओळ देख. पोऱ्यानी म्हातारासाठे दगड बांधा. पोटना पोऱ्या बांधतसच असं नही."

मला तुझं ते शांत बोलणं सहन झालं नाही. शाळेत गणित चुकल्यावर समजावायचीस तसं. मी म्हणालो, "तुले काय वं! तुना मांगे कोन शे? तुले काय फरक पडस?"

तुझ्यामागे कोण आहे. मी हे तुला म्हणालो. तुला, अक्का.

तू खुरपी पदराला पुसलीस, पिशवीत ठेवलीस. माती परत दगडाच्या बुडाशी सारली नाहीस, तशीच उघडी ठेवलीस. नरडाण्यापर्यंत तू स्कूटरवर मागे बसली होतीस आणि एकदाही बोलली नाहीस. त्या दिवशी मला हेल्मेटमधून सगळं ऐकू येत होतं, ट्रकचे भोंगे, वारा, सगळं. फाट्यावर उतरून तू म्हणालीस की बस आलीच बघ. बस आलेली नव्हती.

त्यानंतर चार महिने रविवार झाले नाहीत. म्हणजे रविवार येत होते, मी इथे पेपर वाचत बसत होतो. भांडण झालं असं कुणी म्हणालं नसतं. फोन व्हायचे. तब्येत कशी, गॅस मिळाला का, वैशाली कधी येणार. समाध्यांचं नाव तूही काढलं नाहीस आणि मीही. एका सोमवारी तू फोन केलास, "कढी नि फुनका करी ऱ्हायनू रविवारे. येस का?" तुरीची डाळ वाटून उकडलेले तुझे फुनके म्हटल्यावर मी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणालो, ह्या रविवारी नको, बिल्डिंगची मीटिंग आहे, पुढच्या रविवारी येतो. बिल्डिंगची मीटिंग होती, अक्का, खोटं नाही. पण मी कुठल्या मीटिंगला जातो? तू म्हणालीस, बरं. गुरुवारी सकाळी शेजारच्या बाईंचा फोन आला. दूधवाल्याने दार वाजवलं, तू उघडलं नाहीस. मी पोचलो तेव्हा तू झोपल्यासारखीच होतीस आणि स्वयंपाकघरात परातीत तुरीची डाळ निवडून ठेवलेली होती.

डाळ मी घरी आणली आहे. तिचं काय करायचं ते मला कळत नाही.

तुला कुठे ठेवायचं यावरून वाद झाला, तो तुला सांगायला हवा, कारण तुला त्यात मजा आली असती. तू एकदा चहा पिताना सहज म्हणाली होतीस की मला निंबाखालीच बसवा. मी ते भाऊबंदांना सांगितलं. प्रकाशने, काकांच्या प्रकाशने, मान हलवली. "बाईमाणूसनी समाधी तठे नही व्हस, भाऊ. लग्न व्हतं तर नवराकडची जागा व्हती. तठे बठ्ठा मोठा बाबा शेतस." बाकीचे त्याच्या मागे उभे. मी मुद्दा शोधत होतो. रक्ताचा मुद्दा मला काढता येत नव्हता, हे आपले कुणीच नाहीत असं मीच तुला सुनावलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? मी म्हणालो, "अकरा वरीस ह्या दगड कोनी धुयात? तू धुयात का? मी धुयात का? मी ते पानी आनी देऊ. ज्यानी सेवा करी त्यानी जागा. तठे बठेल बठ्ठा असाच बठेल शेतस, कोन्ही कोनाना पोटना नही." मग मी त्यांना शंभूगिरच्या दगडापाशी नेलं. तू उघडी ठेवलेली ओळ तशीच होती. प्रकाशने वाकून वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग तो म्हणाला, खड्डा कुठे घ्यायचा ते दाखव.

म्हणजे भांडण तू जिंकलंस. माझ्याच तोंडाने जिंकलंस, आणि ऐकायला नव्हतीस. हे मला फार लागलं. अजून लागतं.

तुला बसवताना महाराजांनी परत नावं विचारली. ह्या वेळी मी न अडखळता सांगत गेलो. लक्ष्मणगिर, रतनगिर, केवलगिर, शंभूगिर, हरगिर, थेट त्या दोन प्रश्नचिन्हांपर्यंत. महाराज म्हणाले, पुरे, तीनच लागतात. मी थांबलो नाही.

मग राहिला दगड. पाथरवटाला तुझं जन्मसाल हवं होतं. तुझ्या पेन्शनच्या कागदावर एक जून आहे आणि तो खोटा आहे हे तूच सांगायचीस. आपल्या गावात मास्तरांनी एक जूनला जन्माला घातलेली अख्खी पिढी आहे. म्हटलं, शाळेत जाऊन जुनं रजिस्टर तरी बघू, निदान साल तरी खरं मिळेल. परवा गेलो. एकटाच. नरडाण्याला सवयीने थांबलो, दोन चहा सांगितले, आणि टपरीवाल्याने काही न विचारता दोन्ही माझ्यापुढे ठेवले. मी दोन्ही प्यालो.

शाळेत आता बाई मुख्याध्यापिका आहेत, तरुण. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं, कड वाळवीने खाल्लेलं. तुझी नोंद सापडली, एक जून, अर्थातच. साल मात्र पेन्शनच्या कागदापेक्षा दोनाने वेगळं. मी ते लिहून घेतलं. मग पानं उलटता उलटता, उगाच, स्वतःचं नाव शोधलं. माणूस करतो तसं. सापडलं. गोसावी दिलीप लक्ष्मणगिर. आणि त्याच ओळीत शेवटी, दाखल करणाऱ्याची सही. तिथे आप्पांची सही असणार, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

सुमन.

गोल, टपोरं, पट्टी लावून वर रेघ मारलेलं. फळ्यावर लिहायचीस तसंच, फक्त थोडं कापरं. तू तेव्हा चौदा वर्षांची. आई जाऊन तीन महिने झाले होते. आप्पा तेव्हा दिवसदिवस देवळात बसून असायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, हे मला पुसट आठवतं. मला आठवतं ते वेगळंच, तुझ्या हाताचा घाम. तू माझा हात गच्च धरून मला कुठेतरी नेत होतीस आणि वाटेत म्हणालीस की रडला तर बोरं नही. ते कुठे नेत होतीस हे मला साठी उलटून गेल्यावर, परवा, त्या पानावर कळलं. त्यानंतर दोन वर्षं तुझी स्वतःची शाळा सुटली. त्याच रजिस्टरात तेही आहे. तुझ्या नावापुढे शेरा आहे, 'घरकामामुळे गैरहजर'. ते घरकाम म्हणजे मी.

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "काका, पाणी आणू का?"

पुढे पारोळ्याचं स्थळ आलं होतं ना तुला. मुलगा शिक्षक होता. तू नाही म्हणालीस आणि कारण सांगितलं की त्याचे दात पुढे आहेत. आपण घरात किती वर्षं त्या दातांवर हसलो. मी त्या वर्षी दहावीला होतो आणि मला दोन वेळ डबा लागायचा. हे दोन्ही मी कधी एकत्र ठेवून पाहिलंच नाही. लोकांचे पूर्वज शोधत आपण गावोगाव हिंडलो, कुणाच्या मागे कोण, कुणी कुणाला खाऊ घातलं, कुणी कुणाला नाव दिलं. आणि माझी स्वतःची नोंद गावच्याच शाळेच्या कपाटात, तुझ्या सहीसकट पडून होती. मी वरची ओळ वाचून मोकळा झालो होतो.

तुझ्यामागे कोण आहे, असं मी विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस. तुला येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर समोर उभं होतं आणि ओरडत होतं, त्याला काय सांगणार?

माफ कर, अक्का. हे मी निंबाखाली जाऊन म्हणून आलो, पण तिथे भिकाआबा होते, मग नीट म्हणता आलं नाही. इथे म्हणतो.

आज दुपारी तुझी वही उघडली. केवलगिरच्या वरच्या रेघा तू खोडल्या नव्हत्यास. नुसतं प्रत्येक रेघेपाशी बारीक अक्षरात 'चेला' लिहून ठेवलं होतंस, केव्हातरी त्या चार महिन्यांत. खाली आप्पांच्या नावाखाली दोन फाटे. एका फाट्यावर मी, माझ्याखाली माझी लेक, नातू. दुसऱ्या फाट्यावर तू, आणि तुझ्याखाली काही नाही. रेघसुद्धा नाही. मी पेन घेतलं आणि तुझ्या नावाखालून एक रेघ ओढली. पट्टी लावून ओढली, तू ओरडू नयेस म्हणून. रेघेच्या टोकाला माझं नाव लिहिलं. एकाच पानावर माझं नाव आता दोनदा आहे. राहू दे.

मग पाथरवटाचा कागद घेतला. चहाच्या गोलाशेजारी जागा होती. वर लिहिलं, 'सुमन लक्ष्मणगिर गोसावी यांची समाधी', शेजारी रजिस्टरातलं साल. खाली लिहिलं, 'चेला दिलीप सुमन गोसावी याणे बांधिली'. उद्या पाथरवट म्हणेल की काका, मधलं नाव चुकलं वाटतं तुमचं. त्याला सांगेन, चुकलेलं नाही, तसंच कोर. आणि कागदाच्या तळाशी मी त्याच्यासाठी एक सूचना लिहिली आहे, खाली दोन रेघा मारून, ऑफिसात मारायचो तशी. दुसरी ओळ वर घ्यावी, पहिलीला अगदी चिकटून, आणि तिच्याखाली हातभर दगड कोरा सोडावा. तिथे माती चढते.